उलटे आटे

व्यवहार झाला, पैसे मोजून झाले,
मग व्हर्लिन हॉगनने ट्रेलर विकण्याचं कारण सांगितलं:
"मला आता वास येत नाही."
डेकोराह, आयोवा. ऑक्टोबरातला शनिवार.
त्याच्या कोठारामागे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा ट्रेलर,
चाकांत गवत, छतावर मेपलचा पाचोळा.
"कॉफी गेली, शेण गेलं, जळका टोस्ट गेला,
एका हिवाळ्यात सगळं. त्याचं काही नाही.
पण रात्री गॅस गळला तर?"

गॅसला स्वतःचा वास नसतोच.
नंतर घालतात, माणसाला कळावा म्हणून.
मी त्याला हिंगाची गोष्ट सांगितली:
रॉचेस्टरच्या पहिल्या घरात आमटीला फोडणी दिली
आणि वरच्या बाईने अग्निशामक दल बोलावलं.
शिरस्त्राण घातलेले चार पुरुष
माझ्या कढईत वाकून बघत होते.
व्हर्लिन खोकेपर्यंत हसला.
दुसऱ्या दिवशी मी डबी नेली.
त्याने ती नाकाशी धरली, बराच वेळ,
पाहुण्याच्या घरचं तान्हं बाळ धरावं तशी,
आणि झाकण लावून परत दिली.

जुन्या गॅसचे आटे उलटे.
डावीकडे घट्ट, उजवीकडे सैल.
मी दहा मिनिटं पान्याला लोंबकळून
जे सोडवायचं तेच आवळत होते.
तो बादलीवर बसून बघत राहिला,
मग म्हणाला, "सगळे एकदा करतात."

चिरा गेलेल्या नळ्या काढल्या, गंजका रेग्युलेटर काढला.
नव्याला हिरवी चकती, हाताने बसते, सरळ आट्यांची.
त्याचा तिच्यावर विश्वास नाही.
पितळी सांध्यांवर पिवळी पट्टी गुंडाळली,
पण तांब्याच्या नळीचं तोंड जिथे तुतारीसारखं फुलवलंय
तिथे नाही. तिथे धातूला धातूच लागतो,
मध्ये काही घातलं की गळतं.

मग दिवे.
अठरा वॅटचे पिवळे बल्ब, बॅटरी पिऊन टाकणारे,
हात लावला तर चटका.
त्यांच्या जागी एलईडी; एक पेटेना,
उलटा बसवला, पेटला.
आणि सगळं दिसलं:
ओट्यावरचा सिगारेटचा डाग, उंदरांच्या लेंड्या,
पडद्याच्या शिवणीत दोन रंगांचा दोरा.
"दवाखाना झाला," व्हर्लिन म्हणाला.
मी पलंगावरचा एक जुना बल्ब राहू दिला.

भिंतीवर गॅसबत्ती होती, जाळीसकट.
बोट लागलं, राख झाली.
तिची नळी पितळी बुचाने बंद केली.
बुचाशेजारी, प्लायवूडवर, पेन्सिलीने:
जून ८६. इथे गळतं. आवळलं. आर्डिस.
"नाक तिचं होतं," तो म्हणाला, "पाना माझा."

साबणाचं पाणी ब्रशने सांध्यासांध्याला लावलं.
माझं नाक म्हणालं, सगळं ठीक.
तो गुडघ्यावर बसला, चश्मा कपाळावर,
आणि चुलीमागे बोट दाखवलं.
एक बुडबुडा. मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा,
घाई नसलेला.
ज्या नाकाच्या जोरावर मी इतकं बोलले होते
ते खाली घालून मी पाव फेरा आवळलं.
पुन्हा पाणी. पुन्हा वाट पाहणं.
काही आलं नाही.

चूल पेटली, निळी, टोकाला किंचित पिवळी.
त्याने वरचं कपाट उघडलं, रिकामं,
आणि म्हणाला, "जरा बघ, आत कसला वास येतो."
मी डोकं आत घातलं.
जुना डिंक. ओलं लाकूड. उंदीर, थोडा.
आणि मागे, कोपऱ्यात,
मी दोनदा हुंगलं, कारण आयोवात,
या पत्र्याच्या डब्यात, ती कशी असेल:
"वेलची?"

तो काही बोलला नाही.
शिडी आणायला गेला,
छतावरचा पाचोळा काढायचा राहिला होता.